पाण्यात गेलं, पुढे काय झालं?

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला क्लिअर लेक नावाचं मोठं सरोवर आहे. मासे धरायला आणि सुटी घालवायला तिथे येणाऱ्यांना बारीक चिलटांचा फार त्रास व्हायचा. ती चावत नसत, पण थवे इतके की काठावर बसणं मुश्कील होई. १९४९ साली त्यावर उपाय म्हणून सरोवरात डीडीडी सोडलं गेलं. हे डीडीटीच्याच कुळातलं कीटकनाशक. हिशेब काळजीपूर्वक केलेला होता. पाण्याचं एकूण आकारमान काढून सात कोटी भाग पाण्याला एक भाग औषध, असं प्रमाण ठरलं. चिलटं मेली, काही वर्षांनी पुन्हा वाढली. १९५४ मध्ये दुसरी मात्रा दिली गेली, या वेळी पाच कोटी भागांना एक. १९५७ मध्ये तिसरी.

मधल्या काळात सरोवरावरचे ग्रीब पक्षी मरू लागले होते. रोगाची लक्षणं सापडेनात. शेवटी कोणीतरी त्यांच्या चरबीचं रासायनिक पृथक्करण केलं, तेव्हा तिच्यात डीडीडीचं प्रमाण दहा लाख भागांना १,६०० भाग निघालं. पाण्यात सोडलेल्या प्रमाणाच्या हे ऐंशी हजारपट होतं. रेचल कार्सननी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये ही हकिगत सविस्तर सांगितली आहे. तिच्यातला एक तपशील मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. शेवटच्या मात्रेनंतर थोड्याच काळात सरोवराच्या पाण्यात डीडीडीचा मागमूस राहिलेला नव्हता. त्या वेळी कोणी फक्त पाणी तपासलं असतं, तर अहवाल स्वच्छ आला असता. औषध मात्र पाण्यातून शेवाळात, शेवाळातून माशांत आणि माशांतून पक्ष्यांच्या चरबीत जाऊन बसलं होतं.

एखादा पदार्थ पाण्यात सोडला आणि तो दिसेनासा झाला, एवढ्यावरून तो संपला असं म्हणता येत नाही. तो विरघळला असेल, तळाशी गाळाला चिकटला असेल, एखाद्या प्राण्याच्या अंगात शिरला असेल, किंवा तुटून त्याचं दुसरंच काही झालं असेल. आज बऱ्याच देशांत नव्या रसायनाला बाजारात येण्याआधी ज्या चाचण्यांमधून जावं लागतं, त्यांतल्या पाण्याशी संबंधित चाचण्या या सगळ्या शक्यता एकमेकींपासून वेगळ्या करण्यासाठी रचलेल्या आहेत. पदार्थ किती विरघळतो, नुसत्या पाण्याने तुटतो का, आणि जिवाणू त्याला खातात का, हे तीन प्रश्न वेगवेगळ्या बाटल्यांत विचारले जातात. यांतल्या बहुतेक चाचण्यांची जगभर वापरली जाणारी पद्धत आर्थिक सहकार आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ठरवून दिलेली आहे.

पहिला प्रश्न सर्वांत सोपा वाटतो. एक लिटर पाण्यात मीठ साधारण ३६० ग्रॅम विरघळतं, साखर दोन किलोपर्यंत. अशा पदार्थांना फारसं कौशल्य लागत नाही. ठरलेली रीत अशी की पाणी संपृक्त व्हायला जेवढा पदार्थ लागेल त्याच्या साधारण पाचपट पदार्थ बारीक करून तीन बाटल्यांत घालायचा. बाटल्या ३० अंश सेल्सियसवर हलवत ठेवायच्या, म्हणजे विरघळणं लवकर होतं. एका दिवसाने पहिली बाटली काढायची, ती २० अंशांवर २४ तास स्थिर होऊ द्यायची आणि वरचं पाणी तपासायचं. दुसरी बाटली दोन दिवसांनी काढायची, तिसरी तीन दिवसांनी. शेवटच्या दोन आकड्यांत १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल तर काम झालं. आकडा दर दिवशी चढतच असेल, तर विरघळणं अजून पुरं झालेलं नाही आणि प्रयोग लांबवायला हवा. तीन बाटल्या असण्याचं कारण हेच आहे. एकाच बाटलीतून मिळालेला आकडा कितीही नेमका दिसला, तरी तो वाटेतला आहे की मुक्कामाचा, हे त्यावरून कळत नाही.

अवघड काम सुरू होतं ते लिटरला १० मिलिग्रॅमच्या खाली. डीडीटी घ्या. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात रसायनीलाही ते बनत असे. हिवतापाच्या मोहिमेत घराघरांच्या भिंतींवर मारलेलं हे औषध. इतक्या वापरातल्या पदार्थाची पाण्यातली विद्राव्यता किती, याचं उत्तर पक्कं असायला हवं होतं. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या दोन संशोधकांनी २००१ मध्ये या प्रश्नाशी संबंधित सातशेहून अधिक प्रकाशनं तपासली. डीडीटी आणि त्याच्यापासून बनणारं डीडीई यांच्या छापील आकड्यांत तब्बल दहा हजारपटीपर्यंत तफावत होती. पन्नास वर्षांत उपकरणं सुधारली, पण तफावत कमी झाल्याचं दिसलं नाही. कित्येक ठिकाणी आकडा मूळ प्रयोगातून न घेता दुसऱ्याच्या लेखातून उचललेला होता, आणि उचलताना एकक किंवा दशांश चिन्ह चुकलेलं होतं. पुढच्याने तीच चूक पुढे नेली.

विद्राव्यतेच्या एका आकड्याला एवढं महत्त्व का? कारण त्यावर बरीच गणितं उभी राहतात. पाण्यात अगदी कमी विरघळणारा आणि तेलात सहज मिसळणारा पदार्थ माशाच्या चरबीत किती साठेल, नदीच्या गाळाला किती चिकटेल, विहिरीपर्यंत झिरपेल की वरच्या मातीतच अडकेल, हे सगळं त्यावरून वर्तवलं जातं. मुळातला आकडा शंभरपट चुकला, तर पुढचं भाकीत कितीही शिस्तीत केलं तरी तितकंच चुकतं.

डीडीटीचा आकडा चुकण्याची कारणंही समजून घेण्यासारखी आहेत. डीडीटी पाण्यात घालून जोरजोरात हलवलं, की त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. ते विरघळलेले नसतात, पण मोजताना विरघळलेल्यांत धरले जातात आणि आकडा फुगतो. म्हणून पाणी गाळून घ्यावं, तर खरोखर विरघळलेलं डीडीटीसुद्धा गाळणकागदाला चिकटतं. काचेच्या भिंतीलाही ते चिकटतं, आणि आकडा घसरतो. शिवाय कारखान्यात बनलेलं डीडीटी एकाच रचनेचं नसतं. त्यात दोन मुख्य रूपं मिसळलेली असतात आणि दोघांची विद्राव्यता सारखी नसते. अशा पदार्थांसाठी बाटली हलवणं सोडून द्यावं लागलं. त्याऐवजी काचेच्या बारीक मण्यांवर पदार्थाचा पातळ थर चढवतात, ते मणी नळीत भरतात आणि त्यातून पाणी अतिशय सावकाश वाहू देतात. ढवळणं नाही, घुसळणं नाही, त्यामुळे कण सुटत नाहीत. वेग बदलूनही बाहेर येणाऱ्या पाण्यातलं प्रमाण तेच राहिलं, तर तो आकडा विश्वासाचा. या रीतीने मिळणारं डीडीटीचं उत्तर लिटरमागे काही मायक्रोग्रॅम एवढंच आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

दुसरा प्रश्न पाण्याच्या स्वतःच्या ताकदीचा आहे. पाणी हा नुसता द्रावक नाही, ते रासायनिक अभिक्रियेत भागही घेतं. काही रेणूंमध्ये असे बंध असतात की पाण्याचा रेणू तिथे शिरतो आणि मूळ रेणूचे दोन तुकडे होतात. याला जलअपघटन म्हणतात. औषधांच्या पेटीत दमट हवेत बरेच दिवस राहिलेली ॲस्पिरिनची गोळी हुंगून पाहिली तर व्हिनेगरसारखा वास येतो. हवेतल्या ओलाव्याने ॲस्पिरिन तोडून सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसेटिक आम्ल बनवलेलं असतं, आणि नाकाला जाणवतं ते ॲसेटिक आम्ल.

या चाचणीत पाणी निर्जंतुक करतात, त्यातला ऑक्सिजन नायट्रोजन सोडून हाकलतात आणि बाटल्या अंधारात ठेवतात. जिवाणू नकोत, हवेने होणारं ऑक्सिडीकरण नको, प्रकाश नको. जे काही तुटेल ते फक्त पाण्यामुळे तुटलं असं ठामपणे म्हणता यावं, यासाठी हा आटापिटा. पाण्याचे तीन नमुने घेतात, सामू (पीएच) ४, ७ आणि ९ यांवर बांधलेले. आधी ५० अंशांवर पाच दिवस ठेवून पाहतात. एवढ्या उष्णतेतही दहा टक्क्यांहून कमी पदार्थ तुटला, तर २५ अंशांवर त्याचं अर्धं प्रमाण व्हायला वर्षाहून जास्त काळ लागेल असं धरतात आणि चाचणी तिथेच थांबवतात. तुटला, तर वेगवेगळ्या तापमानांना पुढचे प्रयोग करून अर्धआयुष्य काढतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की बहुतेक अभिक्रिया दुप्पट-तिप्पट वेगाने होतात, म्हणून एका तापमानाचा आकडा दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही.

सामूचा परिणाम किती मोठा असतो, हे आपल्या द्राक्षबागायतदारांना कोणी वेगळं सांगायला नको. द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या बंदोबस्तासाठी वापरलं जाणारं कॅप्टान हे बुरशीनाशक घ्या. सामू ५ असलेल्या पाण्यात त्याचं अर्धआयुष्य दिवसभराहून थोडं अधिक, ७ ला काही तास, आणि ९ ला काही मिनिटं. कार्बारिल हे कीटकनाशक सामू ५ ला जवळजवळ तसंच टिकतं, ७ ला सुमारे १२ दिवसांत निम्मं होतं आणि ९ ला सुमारे तीन तासांत. आपल्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचं पाणी बऱ्याचदा ८ च्या आसपास असतं. अशा पाण्यात सकाळी औषध कालवून ठेवलं, मध्येच वीज गेली किंवा वारा सुटला म्हणून फवारणी संध्याकाळवर ढकलली, तर ब्लोअरमधून निघालेल्या पाण्यात सकाळच्या औषधातलं फार थोडं उरलेलं असू शकतं. ‘औषध लागू पडलं नाही’ या तक्रारीच्या मुळाशी कधीकधी हे असतं. फवारणीच्या पाण्याचा सामू तपासा, गरज पडली तर सायट्रिक आम्लाने उतरवा, आणि कालवलेलं औषध लगेच मारून टाका, हा कृषी सल्ला थेट या चाचणीच्या कोष्टकातून आलेला आहे.

हेच कोष्टक नदीच्या बाजूने वाचलं, तर अर्थ उलटा होतो. शेतकऱ्याला जे टिकायला हवं असतं, ते नदीत लवकर तुटायला हवं असतं. एंडोसल्फान अल्कधर्मी पाण्यात तासांत तुटतं, आम्लधर्मी पाण्यात कित्येक महिने टिकतं. शिवाय मातीतले जिवाणू त्याला तोडण्याऐवजी त्याचं ऑक्सिडीकरण करून एंडोसल्फान सल्फेट बनवतात, आणि ते मूळ पदार्थाइतकंच विषारी आणि त्याहून चिवट असतं. काचेच्या बाटलीतलं अर्धआयुष्य बघून एंडोसल्फानबद्दल निश्चिंत राहिलेल्यांना केरळच्या कासारगोडमधल्या, ते फवारलेल्या काजूबागांनी आणि तिथल्या लोकांच्या आजारांनी फार महागात उत्तर दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये देशभर त्याच्या वापरावर बंदी घातली.

सूर्यप्रकाशाने होणाऱ्या विघटनाची चाचणीही असते. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक स्वित्झर्लंडमधल्या ग्रायफनझे सरोवरात उन्हाने काही दिवसांत तुटतं, असं तिथल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. पण तिथलं पाणी नितळ. पावसाळ्यात गढूळ वाहणाऱ्या आपल्या नद्यांत ऊन वरच्या थोड्या थरापलीकडे पोचत नाही, तेव्हा या मार्गावर फार भरवसा ठेवता येत नाही.

आता तिसरा प्रश्न, माझ्या मते सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत देखणा. पाण्यातली बहुतेक सेंद्रिय घाण शेवटी जिवाणूच संपवतात. एखादं नवं रसायन ते खातील का, हे कसं ओळखायचं? कल्पना साधी आहे. जिवाणू खातात तेव्हा श्वास घेतात, आणि श्वासाला ऑक्सिजन लागतो. तेव्हा खाणं मोजू नका, श्वास मोजा.

ही कल्पना ब्रिटनमधून आली. मैलापाण्याच्या विल्हेवाटीसाठी १८९८ मध्ये तिथे राजआयोग नेमला गेला. आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात नदीत सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा सुचवली. बंद बाटलीत ६५ अंश फॅरनहाइटला पाच दिवस ठेवल्यावर त्या पाण्याने लिटरमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन संपवता कामा नये. यालाच आपण आज बीओडी म्हणतो. पुढे तापमान २० अंश सेल्सियस झालं. आपल्या देशात मानक चाचणी तीन दिवस, २७ अंशांवर करतात, कारण आपल्या हवेत जिवाणूंचं काम वेगाने चालतं. हा बदल छोटा दिसतो, पण परक्या हवामानात ठरलेलं माप आपल्या हवामानाला जुळवून घेण्याचं हे फार शहाणपणाचं उदाहरण आहे.

नव्या रसायनाची चाचणी याच बाटलीत होते, फक्त २८ दिवस. खनिज क्षार घातलेलं, हवेने संपृक्त केलेलं पाणी घेतात. त्यात मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काही थेंब टाकतात, म्हणजे जिवाणू आले. मग लिटरला दोन ते दहा मिलिग्रॅम पदार्थ, हाच जिवाणूंना मिळणारा एकमेव कार्बन. बाटली गळ्यापर्यंत भरून काचेचं बूच असं बसवतात की आत हवेचा एक बुडबुडाही राहू नये. बुडबुडा राहिला तर जिवाणू त्यातला ऑक्सिजन वापरतील आणि हिशेब बिघडेल. बाटल्या अंधारात, २० अंशांवर. ठरावीक दिवसांनी दोन-दोन बाटल्या उघडून उरलेला ऑक्सिजन मोजायचा. आज त्यासाठी विद्युत् उपकरणं आहेत, पण हंगेरीच्या लायोश विंक्लर यांची १८८८ ची रीत अजूनही कॉलेजांत शिकवतात. मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातलं की तपकिरी साका बसतो, आम्ल घातलं की आयोडीन मोकळं होतं, आणि स्टार्चने आलेला निळा रंग थायोसल्फेटच्या शेवटच्या थेंबाला उडतो. ज्याने ते टायट्रेशन केलं आहे, त्याला तो क्षण आठवत असेल.

पण नुसत्या त्या बाटलीवरून काही कळत नाही. जिवाणू उपाशी असले तरी श्वास घेतातच, म्हणून पदार्थ न घातलेल्या बाटल्या शेजारी ठेवाव्या लागतात आणि त्यांचा ऑक्सिजन वजा करावा लागतो. कदाचित आणलेले जिवाणूच मेलेले असतील, म्हणून सहज खाल्ला जाणारा एक पदार्थ वेगळ्या बाटलीत देतात. १४ व्या दिवसापर्यंत त्याचं विघटन ठरलेल्या मर्यादेपर्यंत झालं नाही, तर पूर्ण चाचणी रद्द. या कामासाठी बऱ्याचदा सोडियम बेन्झोएट वापरतात. सॉस आणि सरबतांच्या बाटलीवर परिरक्षक म्हणून ज्याचं नाव असतं, तेच हे. सॉस आंबट असतो आणि आम्लात ते जिवाणूंना रोखतं. उदासीन पाण्यात मात्र जिवाणू त्याचा आनंदाने फडशा पाडतात. तिसरी शक्यता अशी की तपासायचा पदार्थच जिवाणूंना मारत असेल, म्हणून एका बाटलीत तो आणि बेन्झोएट दोन्ही घालतात. तिथे बेन्झोएटही तसंच राहिलं, तर दोष जिवाणूंचा नाही.

पदार्थ पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला जितका ऑक्सिजन लागेल, त्याच्या निदान ६० टक्के ऑक्सिजन २८ दिवसांत वापरला गेला पाहिजे. दहा टक्क्यांचा टप्पा ओलांडल्यावर पुढच्या दहा दिवसांत ६० टक्के गाठले पाहिजेत. हे जमलं तर पदार्थ ‘सहज जैवविघटनशील’ ठरतो. शंभर टक्के का नाही? कारण जिवाणू सगळंच जाळत नाहीत, खाल्लेल्यातला काही भाग स्वतःचं शरीर वाढवायला वापरतात.

ही ‘पूर्ण जळून’ची अट फुकटात आलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम डिटर्जंट घराघरांत पोचले आणि १९५० च्या दशकात ब्रिटन, जर्मनी, अमेरिका इथल्या नद्या फेसाळू लागल्या. मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांवर माणसापेक्षा उंच फेस साचे आणि वाऱ्याने रस्त्यावर उडे. दोषी होता त्या डिटर्जंटमधला फांद्या असलेला रेणू. जिवाणू अशा लांब कार्बनसाखळीला टोकाकडून, दोन-दोन कार्बन तोडत, ऊस कांड्याकांड्याने खावा तसे खात जातात. साखळीला जागोजागी फांद्या फुटलेल्या असल्या की त्यांचं काम अडतं. मग सरळ साखळीचा रेणू बनवण्यात आला. इंग्लंडमधल्या लूटन शहरात असं ‘मऊ’, म्हणजे जिवाणूंना सहज तोडता येणारं, डिटर्जंट विकून मैलाशुद्धीकरण केंद्रात काय फरक पडतो, हे १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाहिलं गेलं. एका शहराचीच प्रयोगशाळा झाली. पश्चिम जर्मनीत १९६१ च्या कायद्याने डिटर्जंटचं निदान ८० टक्के विघटन व्हायला हवं अशी अट घातली आणि ती १९६४ पासून लागू झाली. अमेरिकेतल्या उत्पादकांनी १९६५ पर्यंत सरळ साखळीचा माल आणला. त्याचा कच्चा माल, लिनियर अल्किल बेन्झीन, आपल्याकडे पाताळगंगेच्या कारखान्यातही तयार होतो.

फेस ओसरला. पण त्या ८० टक्क्यांच्या मोजणीत एक खोट होती. डिटर्जंट मोजायला मिथिलीन ब्लू नावाचा रंग वापरत. डिटर्जंटचा रेणू शाबूत असेल तर रंग त्याच्याशी जोडी करून क्लोरोफॉर्ममध्ये उतरतो. रेणूचं एक टोक जरी तुटलं, तरी तो डिटर्जंटसारखा वागत नाही आणि रंग उतरत नाही. म्हणजे मोजमाप फक्त एवढंच सांगत होतं की मूळ वस्तू राहिली नाही. उरलेल्या तुकड्यांचं काय झालं, ते कोणी विचारलंच नव्हतं.

हा प्रश्न नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट या दुसऱ्या जातीच्या डिटर्जंटने विचारायला लावला. कापडगिरण्यांत आणि औद्योगिक धुलाईत ते भरपूर वापरलं जाई. त्याची शेपटी जिवाणू कडी-कडीने खातात, फेस थांबतो, मोजणीतून ते नाहीसं होतं. मागे राहतं ते नोनिलफेनॉल. वॉल्टर गिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं, की मैलाशुद्धीकरणातून निघणाऱ्या गाळात कोरड्या किलोमागे सरासरी एक ग्रॅम नोनिलफेनॉल सापडतं. ते मूळ डिटर्जंटपेक्षा माशांना जास्त विषारी आहे, आणि पुढच्या काही वर्षांत हेही स्पष्ट झालं की ते स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. शुद्धीकरण केंद्र चोख चालत होतं, आणि त्याच चोख कामातून जास्त घातक पदार्थ तयार होत होता. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या बहुतेक वापरांवर निर्बंध आणले. या अनुभवानंतर रंग उतरतो की नाही यापेक्षा, कार्बन डायऑक्साइडपर्यंत पोचलं का, हे विचारणं पक्कं झालं.

अशा चाचण्यांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्नही एका घोटाळ्यातून सुटला. अमेरिकेतली इंडस्ट्रियल बायो-टेस्ट ही मोठी खासगी प्रयोगशाळा प्रयोग न करताच आकडे भरत असल्याचं १९७० च्या दशकात उघड झालं. त्यातून ‘गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस’चे नियम जन्मले. कोणत्या बाटलीत काय, कधी, कोणी घातलं याची नोंद, खोडाखोड दिसेल अशी, आणि कच्ची माहिती वर्षानुवर्षं जपून ठेवायची. १९८१ पासून ओईसीडी देश एकमेकांचे असे अहवाल मान्य करतात. भारत २०११ मध्ये या व्यवस्थेत पूर्णपणे सामील झाला, त्यामुळे इथल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची २८ दिवसांची चाचणी युरोपात परत करावी लागत नाही.

एवढी काटेकोर चाचणी उत्तीर्ण झालेला पदार्थ नदीत मात्र कसा वागेल? आळंदीला इंद्रायणीच्या पात्रावर गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा पांढऱ्या फेसाचे थर दिसले, आणि वारकरी त्याच पाण्यात स्नान करत होते. अशा फेसाची कारणं एकाहून जास्त असतात, पण त्यात घरगुती मैलापाण्यातून येणारा डिटर्जंट असतोच, आणि तो बहुतांशी सरळ साखळीचा, चाचणीत उत्तम गुण मिळवणारा असतो. चांगल्या चाललेल्या शुद्धीकरण केंद्रात त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त भाग नाहीसा होतो. अडचण अशी की त्याला तोडणाऱ्या जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. चाचणीच्या बाटलीत २० अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. पाणी ३० अंशांचं झालं की शुद्ध पाण्यातसुद्धा साडेसातच मावतो, आणि मैल्याने भरलेल्या नदीत तो शून्याजवळ येऊ शकतो. तिथे हाच सरळ साखळीचा डिटर्जंट जवळजवळ तुटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि प्रत्यक्षात २०,२३६ दशलक्ष लिटरवर प्रक्रिया होत होती. साबणाच्या पुड्यावर ‘जैवविघटनशील’ छापलेलं असतं ते खोटं नसतं. ते ऑक्सिजन भरलेल्या बाटलीबद्दल खरं असतं.

या त्रुटीवर उपाय ओईसीडीच्याच यादीत आहे. २००४ च्या एका चाचणीत प्रत्यक्ष नदीचं किंवा तलावाचं पाणी घेतात, रसायन लिटरला काही मायक्रोग्रॅम, म्हणजे नदीत असेल तितकंच घालतात, त्यातल्या कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली असते, आणि साधारण ६० दिवस त्या खुणेचा माग काढतात. किती कार्बन डायऑक्साइड झाला, किती तसाच राहिला, मधले तुकडे कोणते, हे सगळं कळतं. पण हीही चाचणी ऑक्सिजन असलेल्या पाण्याची आहे, आणि ती महाग असल्याने मोजक्या रसायनांच्या वाट्याला येते. बीओडीची बाटली आपण २७ अंशांवर आणली तसं इथेही करायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. भारतात लाखो टन खपणाऱ्या रसायनांसाठी ही चाचणी आपल्या नद्यांच्या पाण्यात, आपल्या तापमानाला आणि उन्हाळ्यात शहराखाली असतो तेवढ्याच ऑक्सिजनवर सक्तीची करावी, आणि तिचा निकाल पुड्यावर ‘जैवविघटनशील’ या शब्दाशेजारी छापावा.